मिशीतली सांबाराची काडी

"खुनी कोन ते सांग. मंग मी घरी जातो."

गुलाबराव काळबांड्यांनी पुस्तक टेबलावर असं आपटलं की शिक्क्याचं पॅड उडून खाली पडलं. सकाळचे साडेआठ वाजले होते. वाचनालयाचं कुलूप मी नुकतंच काढलं होतं आणि माझ्या हातात अजून झाडू होता.

"काकाजी, पुस्तक वाचलं नाही का तुम्ही? त्यातच असेल नं."

"वाचलं तं! एकशेसत्तावीस पानं वाचली. सारे दिवाणखान्यात जमले. केळुसकर साहेबानं हॅट काढून टेबलावर ठेवली. म्हणे, खुनी याच खोलीत आहे. मी पान उलटवाले गेलो, तं पुठ्ठा!"

मी पुस्तक उघडून पाहिलं. शेवटचं पान होतं, पण एकाच बाजूनं. दुसरी बाजू जिल्दीच्या पुठ्ठ्याला खळ लावून घट्ट चिकटवलेली होती. आणि खुनी त्या बाजूला होता.

हिंगणघाटच्या आमच्या लोकमित्र वाचनालयात मी तेव्हा सहायक होते. तेवीस वर्षांची, बी.ए. झालेली, हंगामी. गुलाबराव गिरणीत टाइमकीपर होते, नुकतेच रिटायर झालेले. आयुष्यभर इतरांच्या उशिराची नोंद केलेला माणूस. आता सगळा वेळ त्यांचा स्वतःचा होता आणि तो सगळाच्या सगळा त्यांनी डिटेक्टिव्ह केळुसकर या माणसाला देऊन टाकला होता. हा केळुसकर राहायचा गिरगावात, हॅट घालायचा, काळी कॉफी प्यायचा आणि दर पुस्तकात एक खून उघडकीला आणायचा. त्याचे लेखक होते मुंबईचे मो. ग. धारेश्वर. त्यांच्या त्रेचाळीस पुस्तकांचा संच वाचनालयानं त्याच वर्षी घेतला होता आणि रज्जाकभाईंकडून एकदम बांधून आणला होता.

मी धावत कपाटाकडे गेले. एकेक पुस्तक काढून शेवट पाहिला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस खुनी पुठ्ठ्याखाली गाडलेले होते.

रज्जाकभाईंची चूक नव्हती. आमचे सचिव नानासाहेब देशकर यांनीच त्यांना सांगितलं होतं की अस्तराला वेगळा कागद कशाला, शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटवून टाका. नानासाहेब प्रवचनांची पुस्तकं वाचत. त्यांत शेवटची दोन-चार पानं कोरीच असतात, तिथे ही युक्ती बावीस वर्षं बिनबोभाट चालली होती. धारेश्वरांची पुस्तकं मात्र शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत गच्च भरलेली असत. मी ओल्या फडक्यानं एक पान सोडवून पाहिलं. हातात लगदा आला.

दुपारी नानासाहेब आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला.

"हलकं वाङ्मय आहे ते, कुमुद. शेवट नसला तर काय आभाळ कोसळते? वाचकांनी आपली बुद्धी चालवावी."

"पण नवीन प्रती मागवल्या तर..."

"पुढच्या वर्षी पाहू. आणि ही गोष्ट बाहेर जाऊ देऊ नको. सुवर्णमहोत्सव तोंडावर आहे."

वाचकांनी बुद्धी चालवावी, असं ते चिडून म्हणाले होते. पण मीही वाचकच होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गुलाबराव पुन्हा माझ्यासमोर उभे राहणार होते, हे मला दिसत होतं. त्यांना मी सांगितलं की प्रकाशकाला पत्र टाकलं आहे, चार दिवसांत शेवट येईल. मग चार दिवस, झाडलोट आणि देवघेव उरकली की मी मागच्या खोलीतल्या टाईपरायटरवर बसत होते.

मला खून कसा करतात ते मुळीच माहीत नव्हतं. माणसं जेवतात कशी, चहा कसा पितात, खोटं बोलताना हातांचं काय करतात, ते मात्र माहीत होतं. 'तिसऱ्या मजल्यावरचा पाहुणा' या पुस्तकात एका शेठजीचा त्याच्या बंगल्यात खून होतो आणि सहाजणांवर संशय असतो. मी त्यातला वकील निवडला. तो सबंध पुस्तकभर फार सभ्य होता, म्हणून. माझ्या शेवटात केळुसकर खिडकीकडून वळतात आणि म्हणतात:

"वकीलसाहेब, मिशी पुसा. सांबाराची काडी अडकली आहे. आणि तुम्ही तर म्हणता की आज या घराची पायरीही चढला नव्हता. केव्हाचे खोटं बोलून राहिले!"

म्हणजे वकील खून करायला मागच्या दारानं आला, आणि स्वयंपाकघरातून जाताना ताज्या सांबारवड्या दिसल्या तेव्हा त्याला राहवलं नाही. आमच्या विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी बी.ए. झालेली होते, कोथिंबीर हा शब्द मला येत नव्हता असं नाही. पण खुनी हातात सापडल्याच्या आनंदात जो शब्द आधी आला तो टाईप झाला. वाचून पाहतानाही मला त्यात काही खटकलं नाही. मी तो कागद पुठ्ठ्यावर नीट चिकटवला आणि खाली 'समाप्त' असं टाकलं.

गुलाबरावांनी ते पान माझ्यासमोर उभ्यानंच वाचलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले होते.

"मिशीत सांबार!" ते ओरडले. "वा रे पठ्ठ्या! अन् मी वकिलाले सोडून मुनिमाच्या मांगं लागलो होतो!"

असा मोठ्यानं हसणारा माणूस वाचनालयात मी पहिल्यांदाच पाहिला. 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. मला इतका आनंद झाला की मी उरलेली बेचाळीस पुस्तकं त्याच दिवशी घरी नेऊन ठेवली आणि सवडीनं एकेकाचा निकाल लावायला घेतला.

पुढचे आठ महिने मी कुणाकडेही नुसती पाहत नव्हते. चक्कीवर दळण टाकणाऱ्या बायका, सायकलची चेन बसवणारे मास्तर, शेजारच्या काकूंची कडी उलटी लावायची सवय, सगळ्यांचे पुरावे झाले. एक खुनी पिठाच्या डब्यावरून पकडला, एक चहाच्या बशीवरून. आईला मोतीबिंदू होता, तिला मी रोज एकेक शेवट वाचून दाखवायची. ती म्हणायची, "हा नको वं खुनी, याची बायको गरोदर आहे." मग मी खुनी बदलायची. दर आठवड्याला एक-दोन पुस्तकं शेवटासकट कपाटात जात, आणि मी सगळ्यांना सांगत असे की मुंबईहून पाकीट आलं.

वाचक वाढले. दर रविवारी सकाळी नऊला व्हरांड्यात केळुसकर वाचक मंडळ भरू लागलं. अध्यक्ष गुलाबराव. दुसरी मोठी असामी म्हणजे मेश्राम सिस्टर. दवाखान्यात सुइणीचं काम करायच्या, सगळ्या गावाची पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, आणि पुस्तक वेळेवर परत न करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मंडळात वाद व्हायचे, पोहे व्हायचे. आणि तिथेच एका रविवारी गुलाबरावांनी शोध लावला.

"केळुसकराचं आजोळ इकडचं हाय," ते म्हणाले.

"कशावरून?" कुणीतरी विचारलं.

"सारं पुस्तकभर कसा पुन्यामुंबईचा बोलते. पण शेवटच्या पानावर, खुनी सापडला का, त्याले राग येते. अन् राग आला का मायची भाषा भायेर येते. 'खोटं बोलून राहिले' म्हणते. हे गिरगावात म्हणते का कोनी?"

"अन् सांबार म्हणते," मेश्राम सिस्टर म्हणाल्या. "सातव्या पुस्तकात तं झुणक्याले वरून तेल घेते. आजोळ इकडचंच. का वं कुमुद?"

मी घाबरून बशा उचलायला लागले. खरंच की! इतक्या पुस्तकांत मी त्या गिरगावच्या माणसाला हिंगणघाटचं पाणी पाजलं होतं आणि मला कळलंही नव्हतं. पण मंडळाला ते फारच आवडलं. पुढच्या रविवारी केळुसकरांच्या मामाचं घर कुठल्या वॉर्डात असेल यावर दोन तास चर्चा झाली. त्यानंतरच्या रविवारी एकानं त्यांची वंशावळ काढून आणली. मी पोहे वाढत ऐकत राहिले आणि मनातल्या मनात म्हणाले की चालू द्या, मुंबई इथून आठशे किलोमीटर आहे.

जानेवारीत नानासाहेबांनी मला हाक मारून एक पत्र टाईप करायला दिलं. सुवर्णमहोत्सवाला पाहुणे कोण बोलवावे यावर मंडळानं सह्यांचं निवेदन दिलं होतं, आणि गर्दी हवी म्हणून नानासाहेबांनी नाक मुरडत ते मान्य केलं होतं. मी टाईप करत गेले. 'सुप्रसिद्ध रहस्यकथाकार श्री. मो. ग. धारेश्वर यांस' इथपर्यंत आले आणि माझी बोटं थांबली.

तोवर हा सगळा खेळ होता. त्या क्षणी तो खेळ राहिला नाही. मार्चमध्ये कार्यकारिणी माझ्या नोकरीचा ठराव घेणार होती. कायम झाले तर ठीक, नाही तर मला आणि आईला बल्लारशाला मामाकडे जाऊन राहावं लागणार होतं, आणि मामी कशी होती ते मी इथे सांगत बसत नाही. एका लेखकाच्या त्रेचाळीस पुस्तकांना मनाचे शेवट लावून, त्याच्या नावावर खपवणाऱ्या मुलीला कोण कायम करणार होतं? मला वाटलं पत्र टाकूच नये. पण नानासाहेब पोस्टात स्वतः जात.

धारेश्वर आले ते फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, सकाळच्या गाडीनं. कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. पाहुणे नानासाहेबांकडे उतरणार, आंघोळ करणार, झोपणार असं ठरलं होतं, म्हणून मी थोडी निवांत होते. अकराच्या सुमाराला दारात एक बारीकसे म्हातारे गृहस्थ उभे राहिले. पांढरा सदरा, कापडी पिशवी, डोक्यावर काही नाही. हॅट घातलेला माणूस येईल असं मला उगाच वाटत होतं.

"माझी पुस्तकं कुठे ठेवता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं. "चार वर्षं झाली, मुंबईत कुठल्या वाचनालयात दिसत नाहीत. म्हटलं, बघून घ्यावीत."

मी नुसता हात केला. त्यांनी कपाटातून पहिलंच पुस्तक काढलं, पाठीवर हात फिरवला, आणि लेखक मंडळी काय करतात ते मला तेव्हा कळलं. त्यांनी सरळ शेवट उघडला.

ते वाचत होते तितका वेळ मी टेबलाची कड घट्ट धरून उभी होते. त्यांनी दुसरं पुस्तक काढलं. तिसरं. मग खुर्ची ओढून बसले.

"हे मी लिहिलेलं नाही," ते शांतपणे म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "मी लिहिलं."

मग मी सगळं सांगितलं. रज्जाकभाई, खळ, पुठ्ठा, गुलाबराव, मुंबईची खोटी पाकिटं, मामी. मामीपाशी आले तेव्हा मला रडू फुटलं. ते ऐकत होते आणि मधूनमधून पान उलटवून पुन्हा वाचत होते.

"यात माझा खुनी कोण होता?" त्यांनी विचारलं.

"मला कसं माहीत असणार? तो पुठ्ठ्याखाली आहे."

"मलाही आठवत नाही." त्यांनी डोकं खाजवलं. "बहुतेक जुळा भाऊ असेल. सिंगापूरहून आलेला."

"आणि याच्यात?"

"त्यातही जुळा भाऊच. अहो, छापखान्याला एकशेअठ्ठावीसच्या वर एक पान चालायचं नाही. मी रंगात येऊन लिहीत सुटायचो आणि पाहतो तर एकच पान उरलेलं. एका पानात काय उलगडणार? जुळा भाऊ आणायचा. त्याला जागा फार कमी लागते." ते हसले, पण ते हसणं काही फार खरं नव्हतं. "चार वर्षांपूर्वी प्रकाशक म्हणाले, वाचकांना तुमचा खुनी पहिल्या पानावर कळतो, आता पुरे. तेव्हापासून घरीच आहे. हिंगणघाटहून पत्र आलं तेव्हा आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय."

माझी भीती होतीच, पण आता त्यांच्यासाठीही वाईट वाटायला लागलं.

"संध्याकाळी ते तुम्हाला विचारतील," मी म्हटलं. "केळुसकरांच्या आजोळाबद्दल. शेवटांबद्दल."

"विचारू देत. तुमचं नाव मी घेणार नाही. एवढं मला जमेल." त्यांनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. "एकच सांगा. ही सांबाराची काडी म्हणजे नेमकं..."

"धारेश्वर साहेब!" दारातून नानासाहेबांचा आवाज आला. "तुम्ही इथे आणि आम्ही साऱ्या गावात शोधून राहिलो! चला, पानं वाढली आहेत."

जाता जाता कपाटातलं एक न उघडलेलं पुस्तक पिशवीत टाकून ते गेले आणि त्यांचा प्रश्न तसाच राहिला. मला वाटलं, एका काडीचं काय एवढं.

संध्याकाळी पालिकेच्या शाळेचं सभागृह भरून लोक बाहेर उभे होते. स्टेजवर नानासाहेब, पाहुणे, समई आणि हारांचं तबक. मी कोपऱ्यात, आभाराची यादी हातात घेऊन बसले होते. नानासाहेबांनी वाचनालयाचा पन्नास वर्षांचा इतिहास पन्नास मिनिटांत सांगितला. मग वाचकांच्या प्रश्नांची वेळ झाली आणि गुलाबराव उठले. इस्त्रीचा कोट घालून आले होते, फेब्रुवारीच्या उन्हात.

"साहेब, एकच विचारतो. केळुसकर साहेबाचं आजोळ आमच्या हिंगणघाटचं, हे खरं का खोटं?"

धारेश्वरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग माईकजवळ आले.

"खरं आहे," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर ओळखलंत."

मी डोळे मिटून घेतले. सुटले, असं मनात म्हटलं आणि टाळ्यांची वाट पाहू लागले. टाळ्या आल्या नाहीत. मी डोळे उघडले. गुलाबरावांचा चेहरा उतरला होता. मेश्राम सिस्टरनी हातातला गजरा पर्समध्ये ठेवून दिला.

"म्हणजे," गुलाबराव सावकाश म्हणाले, "ते शेवट तुमीच लिहले?"

"मीच. दुसरं कोण लिहिणार?"

"ती मिशीतली सांबाराची काडी बी?"

"तीही."

"मंग सांगा बरं साहेब, सांबाराची काडी म्हणजे काय?"

धारेश्वरांनी घसा साफ केला. दुपारभर त्यांनी त्याचा विचार केला असावा, कारण उत्तर तयार होतं.

"सांबारात शेवग्याची शेंग असते नाही का? ती चघळून झाली की जी उरते, ती काडी."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं सभागृह हसायला लागलं. गुलाबराव मात्र हसले नाहीत.

"शेवग्याची शेंग? मिशीत? वकील व्हता का बैल, साहेब?"

आता हसण्याचा आवाज बदलला होता. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्याचं आपलं म्हणून सांगते!" म्हाताऱ्यांनी माईकची दांडी धरली होती. नानासाहेबांना काहीच कळत नव्हतं, ते "शांतता, शांतता" म्हणत होते. चार वर्षांनी एक पत्र आलं म्हणून हा माणूस एवढ्या लांब आला होता, आणि माझ्यासाठी खोटं बोलून भरसभेत चोर ठरत होता. मामी गेली खड्ड्यात, असं मला वाटलं. अगदी याच शब्दांत वाटलं. मी उभी राहिले.

"सांबार म्हणजे कोथिंबीर," मी म्हणाले. माझा आवाज चिरका आला, म्हणून पुन्हा म्हणाले. "सांबार म्हणजे कोथिंबीर, साहेब. आणि ते पान यांनी नाही, मी लिहिलं आहे. सगळी त्रेचाळीस मी लिहिली. पाकिटं वगैरे काही आलं नाही. मी खोटं बोलले. यांना काही बोलू नका, हे मला वाचवायला पाहत होते."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी वाट पाहत होते की आता कोण काय फेकून मारतं.

"आली एकदाची कबुलीवर," मेश्राम सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे?"

गुलाबरावांनी कोटाची बटणं लावली. आठ महिने ज्याची वाट पाहिली तो दिवस आला होता, हे त्यांच्याकडे पाहून कुणालाही कळलं असतं.

"पोट्टे, आम्हाले सारं माहीत हाय. पहिल्या पुस्तकापासून माहीत हाय. या सिस्टरले तू आजवर चौदा नोटिशी पाठवल्या, पुस्तक परत करा म्हणून. त्या नोटिशीतला 'र' ओळीच्या वर उडी मारून बसते. केळुसकराच्या शेवटातला 'र' बी तसाच उडी मारते. मुंबईच्या टाईपरायटरले हिंगणघाटचा रोग कसा लागला?"

"आणि सोनकुसरे पोस्टमन आपला मेंबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "वाचनालयाच्या नावानं मुंबईचं एकही पाकीट त्यानं कधी आणलं नाही. आम्ही त्याले दर आठवड्याले विचारत होतो."

मला इतका राग आला! आठ महिने ही माणसं माझ्यासमोर बसून माझेच पोहे खात, केळुसकरांच्या मामाचा वॉर्ड ठरवत होती, आणि मी खाली मान घालून बशा विसळत होते.

"मग बोलले का नाही?" मी ओरडलेच. "मी किती भीत होते माहीत आहे?"

"बोललो असतो तं तू लाजून लिहनं बंद केलं असतं," गुलाबराव म्हणाले. "बेचाळीस पुस्तकं बाकी होती. आमी काय येडे हाओ?" मग ते स्टेजकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली आला. "साहेब, माफ करा. आमचा बेत वेगळा होता. तुमी म्हणसान, हे मी नाही लिहलं. मंग आमी या पोरीले वर बोलावून साऱ्यांसमोर तिचं नाव सांगू. गजरा बी आणला. पण तुमी हो म्हटलं अन् आमचं डोकं फिरलं."

धारेश्वरांनी माईक सोडला, खिशातून रुमाल काढला आणि आधी कपाळ, मग डोळे पुसले.

"कोथिंबीर," ते स्वतःशीच म्हणाले. "बघा. आणि मी शेंग चघळत बसलो दुपारभर." मग ते हसले, आणि त्या हसण्यात सकाळचं काही नव्हतं.

नानासाहेब उठून उभे राहिले. "म्हणजे वाचनालयाच्या पुस्तकांत खोटी पानं?" त्यांनी विचारलं. त्यांनी केळुसकरांची एक ओळही वाचली नव्हती, त्यामुळे साऱ्या गावात फक्त त्यांनाच धक्का बसला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कारणे दाखवा नोटीस काढली. वाचनालयात टाईप दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, म्हणून ती मलाच टाईप करावी लागली. मार्चमध्ये माझा ठराव एका विरुद्ध आठ मतांनी मंजूर झाला, ते इतिवृत्तही मीच टाईप केलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी मेश्राम सिस्टरनी गजरा पर्समधून काढून माझ्या केसांत खुपसला आणि पिशवीतून एक पुस्तक काढलं. अर्थात मुदत उलटलेलं.

"नाव टाक," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पानावर. आठ महिने बेनावाचं वाचून राहिलो आम्ही."

"सिस्टर, वाचनालयाच्या पुस्तकात लिहायला बंदी आहे."

"टाक म्हणते नं!"

मी टाकलं. 'समाप्त'च्या खाली, कुमुद चरडे. आयुष्यात रजिस्टर आणि पगारपत्रक सोडून कुठे सही केली नव्हती, अक्षर वाकडंच आलं. मान वर केली तर सिस्टरच्या मागे गुलाबराव उभे होते, त्यांच्या मागे सोनकुसरे पोस्टमन, आणि रांग थेट दारापर्यंत गेली होती. मंडळानं घरोघरची पुस्तकं आणली होती. त्यांचा बेतच तो होता.

मी एकेकाला सही देत गेले. मधेच एक पुस्तक पुढे आलं, त्याच्यावरचा हात ओळखीचा नव्हता. धारेश्वर होते. स्टेजवरून उतरून ते रांगेत उभे राहिले होते, पाऊण तास, पोस्टमनच्या मागे, आणि कुणी पुढे जा म्हटलं तरी गेले नव्हते.

"साहेब, हे तुमचं पुस्तक आहे," मी म्हटलं. "मी यावर काय लिहू?"

"तुमचं नाव लिहा. माझं वर छापलेलं आहेच." त्यांनी शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. "नानासाहेबांकडे दुपारी झोप लागेना, म्हणून हे पहिल्यापासून वाचून काढलं. पंधरा वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं." ते जरा वाकले, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "बाई, शेवटचं पान येईपर्यंत मला कंपाउंडरचाच संशय होता."